शकुनची साक्ष

बालीगंजच्या रेल्वे फाटकापाशी तेव्हा कलकत्ता संपत असे. फाटकाच्या अलीकडे दुमजली घरं, गच्च्यांवर वाळणारे कपडे, लांबून येणारी ट्रामची घंटा. आणि रूळ ओलांडले की ताडाची झाडं, बांबूची बेटं, शेवाळलेली तळी आणि भाताची खाचरं. त्या पलीकडच्या बाजूला मनोहर साबळे आणि त्याची बायको शकुन भाजीचा मळा करत होती.

मनोहर साताऱ्याकडचा. पलटणीत नाईक होता. ब्रह्मदेशाच्या लढाईत गुडघ्याला गोळी चाटून गेली, ती वाटी पुन्हा नीट बसलीच नाही. शेवटची दोन-तीन वर्षं फोर्ट विल्यममध्ये कोठारावर काढून तो सुटला. गावी भावांनी त्याचा वाटा आधीच कसायला घेतला होता आणि तो मागायला जाण्याइतका त्याचा स्वभाव कोडगा नव्हता. फाटकापलीकडे सरोजबाला नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेची जमीन पडून होती. ती त्याने कसायला मागून घेतली आणि तिथेच मातीच्या भिंतींचं, कौलांचं एक खोपट उभं केलं. एकुलती लेक विमल लग्न होऊन खडकीला गेली होती.

मळा मनोहरचा म्हणायचा, पण राबायची शकुन. उंच, हाडापेराने रुंद बाई. कासोटा मारून वाफ्यात उतरली की सूर्य डोक्यावर येईपर्यंत पाठ सरळ करत नसे. वांगी, दुधी, लाल माठ हे तर ती लावीच. पण तिची खरी चालती भाजी वेगळी होती. मेथी, शेपू, आंबट चुका, गवार. बंगाली बाजारात शेपूला कुणी हात लावत नसे. पण बालीगंजात बदलीवर आलेल्या मराठी साहेबांच्या घरी शकुनची पाटी दारात टेकली, की बायका आतून पदराला हात पुसत धावत येत. शेपूची जुडी नाकाशी धरून सरलावहिनी एकदा नुसत्याच उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्या म्हणाल्या, "शकुनबाई, तुम्ही आमचं माहेर आणता हो पाटीतून."

मळ्याला लागून एक तळं होतं. पावसाळ्यात पाण्याची ददात नसे, पण दिवाळी उलटली की पुढे आषाढापर्यंत सगळी भिस्त त्या तळ्यावर. शकुन दोन घागरी कावडीला लावून तळ्याच्या पायऱ्या उतरे, भरून वर येई आणि वाफ्यावाफ्याने पाणी देत जाई. तिच्या उजव्या खांद्यावर कावडीचा घट्टा पडला होता. झोपताना ती त्या कुशीवर वळत नसे.

मग तिथे गजाननराव खांडके आले.

खांडक्यांना कलकत्त्यातली सगळी मराठी माणसं ओळखत होती. लढाईत ते लष्कराला दाणागोटा पुरवीत. दुष्काळाच्या साली माणसं रस्त्यावर पेजेसाठी हाका मारत मरत होती, तेव्हा त्यांची तांदळाची वखार कुलपात होती आणि भाव चढल्यावर उघडली, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते कुणी तोंडाने बोलत नसे. कारण गणपती उत्सवाचा मांडव खांडके घालीत, पाहुण्यांची उतरायची सोय खांडके करीत, कुणाच्या मुलाला नोकरीला चिकटवायचं असलं तर चिठ्ठीही खांडकेच देत. गोरापान माणूस, अंगावर मलमली सदरा, बोलणं मऊ. म्हाताऱ्या सरोजबालाच्या पुतण्याला हाताशी धरून त्यांनी तळं आणि भोवतालची बरीच जमीन आपल्या नावावर करून घेतली. म्हातारी कोर्टात गेली. पण तिच्या बाजूने धावपळ करायला कोणी नव्हतं आणि खांडक्यांच्या बाजूने पुष्कळ होते.

त्यांना तिथे वीटभट्टी घालायची होती. पहिल्यांदा त्यांनी तळ्याला काटेरी तारेचं कुंपण घातलं आणि दोन रखवालदार बसवले.

मनोहर त्यांना भेटायला गेला. खांडके भट्टीच्या जागेवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मनोहरला बस म्हटलं नाही. तो दुखरा गुडघा वाकडा धरून उभा राहिला.

"रावसाहेब, कुंपणाला एक फाटक ठेवा. कावड जाईल एवढंच."

"साबळे, पाणी मला लागणार आहे. चिखल कालवायचा तर पाणी नको?"

"तळं मोठं आहे. आटत नाही कधी."

"तुमचा मळा काय कायमचा आहे का?" खांडके हसून म्हणाले. "दावा निकालात निघाला की ही मळ्याची पट्टीही माझ्याकडेच येणार. तोवर कशाला जीव आटवता? माझ्याकडे रखवालीला या. पलटणीतला माणूस, शोभाल दारावर."

मनोहर तसाच परत आला. आता पाणी आणायला रेल्वे फाटकापाशी, सरकारी हातपंपावर जावं लागे. शकुन कावड घेऊन जाई, रांगेत उभी राही, भरून परत येई. तोवर ऊन चढलेलं असे. चुक्याचे वाफे वाळून गेले. गवार तगली, पण शेंगा बोटाएवढ्याही होईनात.

तेवढ्यावर भागलं नाही. एक दिवस ती बालीगंजात गेली तेव्हा सरलावहिनींनी दार अर्धंच उघडलं.

"शकुनबाई, राग मानू नका. पण तुम्ही म्हणे गटाराचं पाणी घालता भाजीला. आमच्याकडे लहान मुलं आहेत."

"कोणी सांगितलं?"

 वहिनी खाली बघत म्हणाल्या, "गजाननरावच म्हणत होते परवा, उत्सवाच्या बैठकीत."

शकुनने पाटी उचलून डोक्यावर घेतली. "हातपंपाचं घालते, वहिनी. खांदा बघायचा तर दाखवते," एवढं बोलून ती जिना उतरली. त्या दिवशीची मेथी तिने फाटकापाशी येईल त्या गिऱ्हाइकाला दिली. तरी निम्मी उरली, ती गाईपुढे टाकली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्याच दारात पाटी घेऊन उभी राहिली. वहिनींनी नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. शेवटी वहिनींना भीड पडली म्हणा की शेपूचा वास अनावर झाला म्हणा, त्यांनी एक जुडी घेतली.

मनोहर मात्र आतल्या आत जळत होता. संध्याकाळी ओसरीवर बसला की भट्टीच्या बाजूला बघून म्हणे, "ह्या माणसाच्या दारात मोटार उभी राहिली. मांडवात आरतीचं ताट पहिलं ह्याच्या हातात. देव तिथेच असतो ना गं मखरात? त्याला दिसत नाही हात कुणाचे आहेत ते?"

शकुन भाजीच्या जुड्या बांधत असे. "दिसत असेल."

"मग?"

"मला काय माहीत. तो दोरा द्या इकडे."

त्या सुमाराला पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे येत होते. खांडक्यांनी नावावर केलेल्या जमिनीचा एक तुकडा, मळ्याच्या पलीकडचा, मोकळाच पडला होता. तिथे एका पहाटे बांबू रोवले गेले आणि दुपारपर्यंत चटयांच्या, लव्हाळ्याच्या झोपड्या उठल्या. खांडक्यांनी माणसं पाठवून दोनदा त्या मोडल्या. दोन्ही वेळा त्या पुन्हा उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी खांडके स्वतः मोटारीतून उतरले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "उठला नाहीत तर काडी लावीन."

सगळ्यात जवळची झोपडी पारुलची होती. बारीक चणीची, काळीसावळी, पंचविशीतली बाई. नवरा निबारण बाजारात हमाली करी. सासरा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. निघताना त्यांनी म्हाताऱ्याला पाठुंगळी मारून नदी ओलांडली होती. पारुलचं बंगाली शकुनला नीट कळत नसे आणि शकुनचं मोडकं हिंदी पारुलला. तरी पंपाच्या रांगेत दोघी शेजारी उभ्या राहत. शकुनने तिला वांग्याची रोपं दिली. पारुलने तिला चिंचेची आमटी करायला शिकवली, माशाविना. ती शकुनला दिदी म्हणे.

आग लागली ती चैत्रात, भर दुपारी. पाऊस कित्येक दिवस नव्हता. वारा असा सुटला होता, की ताडाच्या झावळ्या एकमेकींवर आपटून कडकड वाजत होत्या. शकुन गवारीच्या ओळीत बसून शेंगा खुडत होती. मान वर केली की समोर पारुलची झोपडी, उजव्या हाताला कुंपण, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात खजुराखाली खांडक्यांचे दोन्ही रखवालदार फडक्यावर मुरमुरे घेऊन खात बसलेले.

पारुल झोपडीच्या दारात चुलीवर भात ठेवून, घागर घेऊन पंपाकडे जाताना शकुनने पाहिली. थोड्या वेळाने चुलीतला पाला भपकन पेटला. एक जळता पुंजका वाऱ्याने उचलला आणि दारावरच्या लव्हाळ्यात अडकला. शकुन उठून उभी राहीपर्यंत छप्पर धरलं होतं.

ती धावली. हातात उठताना उचललेली पाण्याची घागर आणि शेंगांचं गोणपाट होतं; घागर तळाशी जेमतेम भरलेली. ती तिने गोणपाटावर उपडी केली आणि ओलं गोणपाट डोक्यावर घेऊन आत शिरली. म्हातारा डोळे उघडे ठेवून छपराकडे बघत होता. त्याच्या धोतराने पेट घेतला होता. तिने त्याला काखेत धरून बाहेर ओढला. बाहेर माणसं ओरडत होती, पोरं रडत होती. रखवालदारांतला एक, रामधनी नावाचा बिहारी, कुंपणाची तार वाकवून तळ्यातून बादली भरून धावत आला. पण तोपर्यंत वाऱ्याने तिसरी, चौथी झोपडी धरली होती. ओळच्या ओळ गेली. उरलेल्या राखेतून वर आलेल्या काळ्या बांबूंच्या टोकांवर बराच वेळ लहान लहान ज्वाळा नाचत होत्या.

पारुल घागर घेऊन आली. तिने चुलीच्या जागेकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. घागर तिच्या कमरेवर तशीच राहिली. 

म्हातारा दुसऱ्या दिवशी गेला.

काडी लावीन म्हणणाऱ्या माणसाशिवाय आग कोण लावणार? सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. शेकडो माणसं ठाण्यावर चालून गेली. वर्तमानपत्रवाले आले. पोलिसांनी दोन्ही रखवालदारांना उचललं आणि त्याच संध्याकाळी खांडक्यांनाही मोटारीतून उतरवून नेलं. त्यांच्या मलमली सदऱ्याची बाही फाटलेली लोकांनी पाहिली.

मनोहरने त्या दिवशी दाढी केली. पत्नीच्या भाजलेल्या हातांना खोबरेल लावता लावता तो म्हणाला, "बघितलंस? उशीर होतो, पण होतं. आता सुटत नाही तो. सरोजबालाचा वकील म्हणत होता, हा आत गेला तर आपल्या पट्टीचा दावा कोण चालवतो? जमीन राहते आपल्याकडे."

शकुनचे हात कोपरापर्यंत सोलले होते. ती म्हणाली, "त्याने नाही लावली."

मनोहरचं बोट तेलाच्या वाटीत थांबलं.

"चुलीतली ठिणगी गेली छपरात. मी समोरच होते. रखवालदार दोघंही खजुराखाली बसले होते. तो रामधनी तर पाणी घेऊन धावला."

मनोहरने वाटी खाली ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोणी विचारलं तुला?"

"नाही."

"मग तू काही पाहिलं नाहीस."

"पाहिलंय."

"शकुन, अगं, ह्या माणसाने लोकांच्या तोंडचा तांदूळ दाबला. म्हातारीची जमीन लुबाडली. तुझी भाजी बाटवली. एवढं सगळं करून मोकळा फिरला. एका न केलेल्या गोष्टीसाठी आत गेला तर बिघडलं काय? हिशेब सरळच होतो."

"रामधनीचा कुठला हिशेब होतो?"

"रखवालदाराला सोडतील."

"सोडायचे नाहीत. म्हातारा मेलाय."

मनोहर उठला, लंगडत दारापर्यंत गेला आणि परत आला. त्याचे डोळे ओले झाले होते. "इतक्या वर्षांनी देवाने हात उचललाय. आणि तू जाऊन त्याचा हात धरणार?"

शकुनने तेलकट हात मांडीवर उताणे ठेवले होते. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "देवाला माझ्या खोट्याची गरज कशाला लागेल?"

"आणि पारुल? तिचं काय होईल, तिच्या चुलीने सासरा गेला म्हटल्यावर?"

 शकुन रात्रभर तळमळत राहिली असेल, पण सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. आधी ती पारुलकडे गेली. जळक्या जागेवर ताडपत्रीखाली पारुल गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. शकुन तिच्यासमोर उकिडवी बसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "मी ठाण्यावर चालले. खरं सांगणार आहे. तुला न सांगता गेले असते तर बरं नव्हतं."

पारुलने मान वर केली.  शकुन थोडी थांबली आणि उठली.

ठाण्यावर दारोगा वयस्क होता. त्याने तिला बाकावर बसायला सांगितलं, हातांना काय झालं ते विचारलं. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि मधूनमधून तिच्याकडे नवलाने बघत होता.

"खांडकेबाबूंनी तुमच्या मळ्याचं पाणी तोडलंय ना?"

"हो."

"तुम्ही त्यांच्या गावच्या? नात्यातल्या?"

"नाही. आमचं वाकडं आहे."

"मग हे सांगायला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही." मग ती पुढे म्हणाली, "साहेब, अजून एक लिहा. त्या पोरीला चूल टाकून लांब जावं लागलं, कारण जवळच्या तळ्याला तार आहे. माझ्या घागरीत पाणी असतं तर पहिलंच छप्पर विझलं असतं. काडी त्याने लावली नाही. पण पाणी त्याने अडवलं."

दारोग्याने लेखणी खाली ठेवली. "बाई, पाणी अडवणं हा माझ्याकडे गुन्हा नाही."

"तुमच्याकडे नसेल," शकुन म्हणाली. "तरी लिहा."

त्याने लिहिलं. तिने सोललेला अंगठा शाईत बुडवून उठवला, तेव्हा तिच्या तोंडून कळ आल्याचा बारीक आवाज निघाला, तेवढाच.

रखवालदार सुटले. खांडकेही सुटले. वस्तीतल्या लोकांनी शकुनशी बोलणं टाकलं. तिने किती पैसे घेतले, असं ते एकमेकांना तिच्या देखत विचारत. पंपाच्या रांगेत ती आली की पुढची बाई घागर सरकवून जागा अडवी. पारुल तर तिच्याकडे बघतही नसे. फक्त रामधनी एकदा कुंपणाआडून दोन्ही हात जोडून गेला. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो कामावर दिसला नाही. तार का वाकवलीस म्हणून खांडक्यांनी त्याला काढून टाकलं होतं.

खांडक्यांनी एक रेशमी लुगडं पाठवलं. घेऊन आलेल्या नोकराला शकुन म्हणाली, "त्यांना सांग, मी त्यांच्यासाठी बोलले नाही." लुगड्याची घडी न उलगडता तिने परत दिली. मनोहर ओसरीवर बसून बघत होता. तिला वाटलं, आता हा काहीतरी टोचून बोलेल. तो उठून आत गेला.

त्याच वर्षी मार्गशीर्षात दाव्याचा निकाल लागला. सरोजबाला हरली. खांडक्यांची माणसं कुदळी घेऊन आली तेव्हा मेथी कापणीला आली होती. शकुन त्यांना म्हणाली, "सकाळपर्यंत थांबा, काढून घेते." मुकादमाने नकाराची मान हलवली. तिच्या डोळ्यांसमोर ते वाफे उलथले गेले. मेथीचा कडसर वास सगळ्या रानात भरला. मनोहर खोपटाच्या उंबऱ्यावर बसून राहिला. त्याला उठवायला तिला दोनदा हात द्यावा लागला.

"आता तरी पटलं?" तो म्हणाला. "त्याच माणसाला वाचवलंस."

शकुनने कावड खांद्यावर घेतली. तिच्यावर घागरी नव्हत्या. भांडी होती, खुरपी होती, बियाण्याच्या पुरचुंड्या होत्या. "चला," ती म्हणाली.

शहराच्या पूर्वेला, जिथे पुढे सॉल्ट लेक वसलं, तिथे तेव्हा नुसती पाणथळ पसरली होती. मैलच्या मैल खारं पाणी, मासेवाल्यांचे बांध, वर घिरट्या घालणारे बगळे. तिच्या कडेला, शहराचा कचरा टाकून भरून काढलेल्या जमिनीचा एक तुकडा त्यांना खंडाने मिळाला. जमीन काळी, भुसभुशीत आणि काचांनी भरलेली. पहिलं वर्ष शकुनने काचा वेचण्यात घालवलं. तळवे फाटले, ते भरले, पुन्हा फाटले. मनोहरला दम्याने धरलं. पण माती अशी कसदार निघाली, की दुसऱ्या वर्षी दुधीचे वेल मांडव मोडून खाली आले. बालीगंजाला आता जाऊन यायला निम्मा दिवस लागे. तरी आठवड्यातून एकदा ती पाटी घेऊन जाई, आणि सरलावहिनी तिला आत बोलावून चहा देत.

तिथे तिला खांडक्यांच्या बातम्या कळत. भट्टी जोरात होती. शहर फाटक ओलांडून पुढे सरकत होतं आणि प्रत्येक घराला विटा हव्या होत्या. खांडक्यांनी भट्टीजवळच दुमजली बंगला बांधला. लॉऱ्या घेतल्या. गणपतीला चांदीची प्रभावळ दिली. वहिनींनी एकदा विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही हो?"

"वाटतं की," शकुन म्हणाली. "पहिल्यांदा काच पायात गेली त्या दिवशी खूप वाटलं. शिव्या दिल्या त्यांना."

मनोहर त्या बातम्या ऐके आणि तोंड फिरवून पडून राही. त्याने देवापुढे दिवा लावणं सोडून दिलं होतं. शकुन लावी.

पण विटांना माती लागते. खांडके जमीन खणत गेले. तळं त्यांनी केव्हाच उपसून टाकलं होतं. त्याच्या तळाची चिकण माती संपली, तेव्हा कडेने आत, आणखी आत. कामगार म्हणत, बंगल्याच्या अंगाला खणू नका, दगड नाही खाली. पण तिथली माती पिवळी आणि चांगली होती आणि मागणी थांबत नव्हती. छप्पन्न सालच्या भाद्रपदात चार दिवस पाऊस उघडला नाही. खाणीची कड एका सकाळी सुटली. धुराड्यासकट भट्टी आत गेली, उभ्या लॉऱ्या गेल्या, आणि बंगल्याचा मागचा निम्मा भाग पायासकट घसरून पाण्यात बसला. माणूस एकही गेला नाही. भिंतींना तडे जाताना पाहून सगळे आदल्या दिवशीच बाहेर पडले होते. खांडक्यांवर विसंबलेले भागीदार मात्र लगेच उलटले. जुने दावे उकरले गेले. ज्यांनी त्यांच्या चिठ्ठीवर नोकऱ्या धरल्या होत्या, त्यांना त्यांचा पत्ता सांगता येईना. कोणी म्हणे काशीला आहेत, कोणी म्हणे मुलीकडे बऱ्हाणपूरला. पुढच्या गणपतीत मांडव दुसऱ्याच कुणीतरी घातला, आणि त्यांचं नाव काढायचं कुणाला सुचलं नाही.

भट्टी खचल्याचं मनोहरला कळलं तेव्हा तो अंथरुणातून उठून बसला. "मला बघायचंय," तो म्हणाला.

"काय बघायचंय त्यात?"

"मला बघायचंय, शकुन."

पाऊस ओसरल्यावर, आश्विनातल्या एका सकाळी, ती त्याला घेऊन गेली. थोडं बसने, थोडं पायी. मनोहर दर काही पावलांवर थांबून श्वास घेत होता, पण मागे फिरायला तयार नव्हता. बंगल्याचा पुढचा भाग अजून उभा होता. दाराला हिरवा रंग, आत आकाश. पलीकडे पाणीच पाणी आणि धुराड्याचं टोक तेवढं वर.

मनोहर काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. तिला वाटलं तो हसेल, नाहीतर थुंकेल. त्याच्या चेहऱ्यावर काही येईना. उंबऱ्यापाशी लहान मुलाचा एक लाकडी घोडा चिखलात पडला होता, त्याकडे तो बघत होता.

"एवढंच?" तो शेवटी म्हणाला. "किती वर्षं मी ह्याची वाट बघितली. आणि बघायला काही नाही."

तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "दिदी."

पारुल होती. वस्तीला आता पक्क्या भिंती आल्या होत्या. पारुल थोडी भरली होती, कडेवर पोर होतं. ती जवळ आली आणि शकुनचे दोन्ही हात उलटे करून पाहू लागली. भाजल्याचे गुळगुळीत पांढरे डाग तिथे अजून होते. 

"मी वर्षभर तुझा राग केला," ती म्हणाली. "मग निबारणला मीच सांगितलं, की चूल माझी होती. त्याने मला मारलं. मग दोघं रडलो. दिदी, तू गेली नसतीस तर ते दोघं रखवालदार माझ्या चुलीपायी तुरुंगात सडले असते आणि मी रोज त्याच चुलीवर भात रांधला असता. मला गिळला नसता."

शकुनने तिच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. पारुलने त्यांना सोडलं नाही. घरात नेऊन गरम भात वाढला, चिंचेची आमटी वाढली. निबारण कामावरून आला, मनोहरच्या पायांना हात लावून बाजूला बसला. निघताना पारुलने भोपळ्याची फुलं, थोडे तांदूळ आणि नारळ असं एक जड गाठोडं बांधून दिलं.

परतीच्या वाटेवर ऊन कलत होतं.  मनोहरने चालता चालता विचारलं, "ठाण्यावर गेलीस तेव्हा तुला ठाऊक होतं, पुढे त्याचं असं होणार?"

"नाही."

"काहीच वाटलं नव्हतं?"

शकुनने थोडा विचार केला. "मला वाटलं होतं, हा माणूस जन्मभर असाच राहील. मोटारीतून फिरेल, म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात मरेल. आणि आपली जमीन जाईल."

"आणि तरी गेलीस."

"हो."

मनोहर थांबला. तिला वाटलं त्याला दम लागला, म्हणून तीही थांबली. त्याने काठी काखेत धरली, तिच्या हातातलं गाठोडं काढून आपल्या खांद्यावर घेतलं, आणि तिने परत मागितलं तरी दिलं नाही.